दाव्याने बांधलेला कॉम्प्युटर

नसरीन,

तुला जुन्नरला कबरस्तानात नेलं तेव्हा मी दारातच राहिले. तुमच्यात बायका तिथवर जात नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी चप्पल घालून चार पावलं गेलेच. तुझ्या नणंदेने हाताला धरून मागे आणलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. पुरुष सगळे तुला माती देऊन आले. बेल्ह्याहून आलेली आपली गिऱ्हाइकंसुद्धा देऊन आली, ज्यांची नावं फॉर्मवर तू तीन-तीनदा तपासायचीस. चौदा वर्षं तुझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसलेली मी तेवढी तुमच्या ओट्यावर बसून राहिले.

त्याला आज एकवीस दिवस झाले. आज बाजार आहे. सकाळपासून दुकानासमोरून बैलांचे टेंपो चाललेत आणि मी शटर अर्धंच उघडून आत बसले आहे. पूर्ण उघडलं की लोक आत येतील आणि विचारतील, की ताई, तुम्ही एकट्याच? याचं उत्तर अजून मला देता येत नाही. म्हणून तुला लिहिते आहे. तुला सांगायचं एक राहून गेलंय. सहा वर्षं राहून गेलंय, म्हणजे राहून गेलं असं म्हणणंही खोटंच. मी ते ठेवून दिलं.

आधी जरा चांगलं आठवू दे. नारायणगावच्या कॉम्प्युटर क्लासात सगळी कॉलेजची पोरं आणि मागच्या बाकावर आपण दोन लग्न झालेल्या बाया. सरांनी आपल्याला दोघींत मिळून एकच मशीन दिलं, तेही सगळ्यात जुनं. तू कीबोर्ड घेतलास, मी माउस. सहा महिने मी कीबोर्डला बोट लावलं नाही आणि तू माउसला. परीक्षेला वेगवेगळं बसवलं तेव्हा दोघींचं धाबं दणाणलं होतं. तरी पास झालो, आणि बेल्ह्याच्या स्टँडजवळ दुकान टाकलं तेव्हा तुझ्या मिस्टरांनी, रफीकभाईंनी, चिडवलं, की दोघी मिळून एक ऑपरेटर तयार झालाय. आताही फॉर्म भरताना मी माउस चौकटीवर नेते आणि थांबते. शेजारून टकटक ऐकू येण्याची वाट बघते. मग आठवतं.

तुझं वेड मात्र मला कधी कळलं नाही. बाकीच्या बायका फोनवर मालिका बघायच्या आणि तू कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्या बातम्या वाचायचीस. इंग्रजीतल्या, शेजारी डिक्शनरी उघडून. एक दिवस तू खुर्ची मागे सरकवून मला म्हणालीस, की विम्याच्या साइटसाठी आपण ब्राउझरमध्ये जे प्लगइन टाकलंय, त्यात मोठं भोक निघालंय.

ती साइट म्हणजे आपल्या दुकानाचं अर्धं काम. गुरांच्या विम्याची. जनावर विकलं की विमा नव्या मालकाच्या नावावर करायचा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा, फोटो चढवायचा. बाजाराच्या दिवशी रांग लागायची. आणि ती साइट त्या जुन्या प्लगइनशिवाय उघडायचीच नाही. प्लगइन बनवणाऱ्यांनी दुरुस्त केलेली नवी आवृत्ती काढली होती. ती तू टाकून पाहिलीस, तर साइट म्हणाली, प्लगइन सापडत नाही. तू विमा कंपनीला पाच मेल लिहिलेस. पाचही वेळा तेच छापील उत्तर आलं, की आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.

मी विचारलं होतं, भोक म्हणजे नेमकं काय गं? तू माझ्या माहेरच्या कांद्याच्या वावरात माझ्याबरोबर दारं धरून पाणी दिलेली बाई. तू मला त्याच भाषेत सांगितलंस.

"वाफा भरला की तू त्याचं तोंड बंद करतेस ना? ह्या प्लगइनला मेमरीत एक वाफा दिलेला असतो. पण तो भरला हे ह्याला कळतच नाय. कुणी मुद्दाम जास्त पाणी सोडलं की बांध फुटून शेजारच्या वाफ्यात शिरतं. आणि पाण्यात कुणी तणाचं बी टाकलेलं असलं तर ते तिथं उगवतं. मग वावर तुझं राहत नाय, मंगल."

मी हसले होते. म्हटलं होतं, जगातले एवढे मोठमोठे लोक सोडून बेल्ह्यात बैलांचे फोटो चोरायला कोण कशाला तडमडेल? तू हसली नाहीस. म्हणालीस, "तो घर कुणाचं ते बघत नाय. कडी उघडी हाय का तेवढंच बघतो." यावर आपण दोन दिवस भांडलो. तुला ते मशीन बंदच करायचं होतं. मला बाजाराची रांग परत पाठवायची नव्हती. शेवटी तू मधला मार्ग काढलास. तीनपैकी एक कॉम्प्युटर फक्त विम्यासाठी. त्यावर दुसरी कुठलीही साइट उघडायची नाही, मेल बघायचा नाही, पेन ड्राइव्ह लावायचा नाही.

आणि त्याच आठवड्यात बोरीचे गेनूतात्या आले. पोरांनी ट्रॅक्टर घेतला म्हणून त्यांनी शेवटचा बैल विकला होता. बैल देतात पण दावं देत नाहीत, ते मालक घरी नेतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तात्या दावं खांद्यावर टाकूनच विम्याचं काम करायला आले आणि जाताना ते आपल्या टेबलावर ठेवून उठले. तू हाक मारलीस तर म्हणाले, "घरी नेऊन कुनाला बांधू, पोरी? ऱ्हाऊ दे हितंच." तू ते दावं उचललंस आणि त्या कॉम्प्युटरच्या पडद्याला दोन वेढे देऊन गाठ मारलीस. म्हणालीस, हा आपला बांधलेला. ह्याला बाहेर चरायला सोडायचं नाय.

शिवाय एक वही केलीस. तुझ्या सुवाच्य अक्षरात चार रकाने. कधी, कोणी, कशासाठी, काम झालं का. बांधलेल्या कॉम्प्युटरला हात लावणाऱ्याने त्यात लिहायचं. मी कंटाळा करायचे, मग संध्याकाळी तू मला विचारून माझ्या वाटचं लिहायचीस. वहीत खाडाखोड नाही, एक जागा मोकळी नाही. मी तुला हेडमास्तरीण म्हणायचे.

आता त्या दिवसाचं.

तुझ्या डाव्या बाजूला गाठ लागली होती आणि नारायणगावच्या एका लॅबमध्ये तिचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट दुकानाच्या मेलवर येणार होता. मला तू बजावलं होतंस, की आला तरी उघडू नकोस. रफीकभाई जवळ असताना तू स्वतः बघणार होतीस. मी हो म्हटलं होतं.

बाजार होता. तू कॅमेरा घेऊन मैदानात बैलांचे फोटो काढायला गेली होतीस. दुकानात गर्दी, दोन्ही कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीचे फॉर्म चाललेले, शेवटची तारीख. आणि माझ्या फोनवर मेल आल्याचं दिसलं. मी फोनवर उघडून पाहिलं. लॅबची साइट फोनवर उघडेना. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मला रांगेतली माणसं दिसेनाशी झाली, नसरीन. बांधलेला कॉम्प्युटर तेवढा मोकळा होता. मी त्यावर मेल उघडला.

लॅबच्या पानाबरोबर एक कसलीतरी जाहिरात उघडली. एक चौकट हलली, पडदा क्षणभर गोठला आणि मग रिपोर्ट दिसला. त्यात वाचायचा तो शब्द मी वाचला. तुझ्या आधी मी वाचला. पान बंद केलं आणि पुढच्या माणसाला म्हटलं, आधार कार्ड द्या.

थोड्या वेळाने फाइलींची नावं बदलायला लागली. बघता बघता सगळ्या कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर पैसे मागणारी धमकीची इंग्रजी पाटी आली. सगळ्या बाजारांचे विम्याचे कागद, गुरांचे सगळे फोटो. त्यांची प्रत ठेवायला वेगळी डिस्क घ्यायची असं तू दोनदा म्हणाली होतीस आणि मी दोनदा पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. तू मैदानातून आलीस, ओढणीवर धूळ. पडद्याकडे पाहिलंस आणि मला हळूच विचारलंस, की काय उघडलं होतं?

मी म्हटलं, काही नाही. विम्याचीच साइट.

खरं सांगितलं असतं तर त्याच्या पाठोपाठ दुसरं खरंही बाहेर आलं असतं. मी मेल उघडला म्हटलं असतं तर मी रिपोर्ट पाहिला हे तुला कळलं असतं, आणि माझ्या तोंडावरून रिपोर्टात काय आहे तेही कळलं असतं. मी स्वतःला असं समजावलं. आजपर्यंत समजावते. पण निम्मं कारण साधं भित्रेपणाचं होतं. रांगेतले लोक ओरडायला लागले होते आणि मला तोंड द्यायचं नव्हतं.

तू त्यांच्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "माझ्या हातून झालं. मी नको ते उघडलं."

गेनूतात्या तेव्हाच यायचे होते. त्यांच्या बायकोचा, सरूबाईंचा, अख्ख्या जन्मात एकच फोटो निघाला होता. विमा तिच्या नावाने होता आणि मालकाने जनावराशेजारी उभं राहायचं असा नियम होता, म्हणून तिने नाइलाजाने पदर खोचून, कपाळाला आठ्या घालून काढून घेतला होता. ती गेल्यावर तो फोटो मोठा करून द्यायचं तू तात्यांना कबूल केलं होतंस. ते तो न्यायला आले होते. तू त्यांना खुर्ची दिलीस, आणि गेला म्हणून सांगितलंस. तात्या उभ्यानेच म्हणाले, "तुमच्यावर इस्वास टाकला, ही आमचीच चूक." त्यातल्या 'तुमच्या'मध्ये काय होतं ते दुकानातल्या प्रत्येकाला कळलं. तुला तर कळलंच. तू मान खाली घातलीस आणि मी प्रिंटरमध्ये कागद भरत राहिले. प्रिंटरमध्ये कागद होते.

नंतर तू विमा कंपनीला त्या फोटोसाठी कितीदा लिहिलंस. जुन्या विम्याचे कागद त्यांच्याकडे नाहीत, असं उत्तर आलं. तात्या पुन्हा आपल्या पायरीवर चढले नाहीत. तू बाजारात दिसलीस तर वाट बदलायचे.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना तू सवयीने शटरला हात घातलास. उंच म्हणून ते काम तुझंच होतं. मी पुढे होऊन म्हटलं, राहू दे, मी ओढते. आठ वर्षांतलं ते माझं पहिलं शटर. टाचा उंच करून लोंबकळून ओढलं. तू बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होतीस.

दोन दिवसांनी तू रिपोर्टचा कागद घेऊन आलीस आणि मला सांगितलंस. मी रडले. ते रडणं खरंच होतं, फक्त पहिलं नव्हतं. तूच मला चहा करून दिलास आणि म्हणालीस, एवढी घाबरू नको राव, आजकाल औषधं लई चांगली निघालीत.

आणि औषधांनी तुला सहा वर्षं दिली. त्यासाठी मी कुणाकुणाचे आभार मानू? केस गेले तेव्हा तू स्कार्फ बांधून बाजाराला आलीस. परत आले तेव्हा कुरळे आले, त्यावर आपण किती हसलो. विम्याची साइट बदलली, प्लगइनची भानगड जगातूनच संपली. तो कॉम्प्युटर भंगारात गेला. दावं आणि वही तू घरी नेलीस. मला रोज वाटायचं, आज सांगावं. तू बरी असलीस की वाटायचं, कशाला जुनं उकरून हिचा दिवस घालवायचा. बरी नसलीस की वाटायचं, आता तर नकोच. सहा वर्षांत मला एक दिवस सापडला नाही. शेवटच्या भेटीत तू माझा हात हातात घेऊन किती वेळ पडून होतीस. आणि मी तुला काय विचारलं असेल? लिंबूपाणी घेतेस का.

मला माफ कर म्हणायला आता तू समोर नाहीस, आणि कागदावर ते फार सोपं पडतं. म्हणून मी इथे म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात रफीकभाई दुकानात आले. पिशवीतून दावं आणि वही काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "भाभी, ह्ये तिनं तुमालाच द्यायला सांगितलं व्हतं. आठवणीनं." मी वही उघडली. त्या बाजाराची तारीख हाताने शोधली. तुझं अक्षर. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ. मग दोन चौकटी मोकळ्या. कोणी, मोकळं. कशासाठी, मोकळं. चारचौघांत माझ्यासाठी खोटं बोललीस, पण वहीत खोटं लिहायला तुझा हात धजला नाही. आणि खरं लिहून मला उघडं पाडायलाही धजला नाही. रफीकभाई कधी उठून गेले ते मला कळलं नाही. मी वही मिटून पिशवीत टाकली.

काल मी बोरीला गेले. गेनूतात्या अंगणात लसूण निवडत होते. मी बसले आणि सगळं सांगितलं, जसं झालं तसं, तुझ्या रिपोर्टसकट. दावं त्यांच्यापुढे ठेवलं. तात्यांनी हातातला लसूण खाली ठेवला. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "तिला मी लई वंगाळ बोललो व्हतो."

मी म्हटलं, हो.

"ती व्हती तवर आली अस्तीस, तं मी जुन्नरला जाऊन तिच्या पाया पडलो अस्तो." मग दाव्यावरून हात फिरवत म्हणाले, "आता मी कुनाकडं जाऊ?"

नसरीन, मला वाटायचं माझ्या गप्प बसण्याने फक्त तुझं नुकसान झालं. तसं नव्हतं. त्या म्हाताऱ्याच्या हातून जे सुधारता आलं असतं, तेही मी त्याच्यापासून हिरावलं होतं. त्यांनी दावं परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, तिनं बांधलं व्हतं, तिच्या जागीच ऱ्हाऊ दे. मी ते आणून तुझ्या खुर्चीच्या पाठीला बांधलंय. त्या खुर्चीवर आता कुणाला बसू देणार नाही. तुझ्यासारखीच दोन वेढ्यांची गाठ मारायला गेले, जमली नाही. वेडीवाकडी बसली आहे.

आज सकाळी आल्या आल्या वही उघडली. पेन दोनदा चालेना, हाताच्या तळव्यावर घासून चालू केलं. 'कोणी' या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावा-आडनावासकट, फॉर्मवर लिहितात तसं. 'कशासाठी' मध्ये लिहिलं, नसरीनचा रिपोर्ट बघायला. चौकट लहान पडली, शेवटचं अक्षर बाहेर गेलं.

इतके दिवस त्या दोन मोकळ्या चौकटींच्या पुढे माझी नजर गेलीच नव्हती. आता पेन तसंच पुढे सरकलं, चौथ्या रकान्यावर. काम झालं का. त्या दिवशी विम्याचं एकही काम झालं नव्हतं. सगळं बुडालं होतं. मी तिथे 'नाही' लिहिणार होते.

ती चौकट मोकळी नव्हती. मी शटर का ओढलं ते ओळखून त्याच संध्याकाळी तू ती वही भरली होतीस. तुझ्या त्या सुवाच्य अक्षरात तिथे लिहिलेलं होतं, हो.